शिंगरोबाला टाकलेलं बटण

"पैसे देऊन मोटारीत बोचकं बी बसतंय. फुकट बसून दाखवावं, तर तो माणूस!"

हे माझ्या तोंडातनं गेलं आन् तितंच माझा घात झाला.

आमचा शेजारी महिपती मोटारसर्विसनं लोणावळ्याला जाऊन आलता. दोन दिस झाले तरी गडी मोटारीतनं खाली उतरायला तयार न्हाई. आमी ओढ्यावर बैलं धुतोय, तर ह्यो काठावर बसून तोंडानं मोटार चालवतोय. भुर्र, पों पों, आन् कार्ल्याचं वळण आलं की अख्खा महिपती एका बाजूला कलतोय. भाताच्या भरल्या पोत्यापेक्षा चार पायल्या जास्तच भरंल असा देह. कलला की काठावरची माती सुटून पाण्यात पडायची. सोपानआबा बिचारे खाली तोंड धूत हुते. त्यांच्या डोळ्यात माती गेली तवा मी ते बोललो.

महिपती थांबला. "काय म्हणलास, दत्त्या?"

"म्हणलं, फुकट बसून दाखव."

"तूच दाखव की! लय शाना हायेस ना?"

त्याचा राग मला ठावा हुता. मागल्या दिवाळीत मी त्याच्या म्हशीच्या शिंगाला कंदील बांधून गोठ्यात सोडली हुती. सगळा गाव आठ दिस हसत हुता, आन् महिपती भूत समजून आठ दिस भगताकडं जात हुता. तवापासनं तो माझा एक डाव उलटायची वाट बघत हुता.

आबांनी डोळे पुसत पैज बांधून दिली. ठिकाण महिपतीनं सांगितलं, खोपोली. मी हितनं तितं जायाचं, दिवस मावळायच्या आत परत यायाचं. जाताना येताना एक पैसा खर्चायचा न्हाई. घाट पायी चढायचा न्हाई, उतरायचा न्हाई. मी थापा मारीन म्हणून महिपती संगं येणार. त्याला पैसे खर्चायची मुभा, पण माझ्यासाठी न्हाई.

"आन् हरंल त्यानं?" मी इचारलं.

महिपतीनं मिशीवरनं हात फिरवला. त्यानं आधीच ठरवून ठेवलं हुतं वाटतं. "हरंल त्यानं दुसऱ्याला खांद्यावर बसवायचं. कामशेतच्या भर बाजारातनं न्यायचं. मारुतीच्या देवळापासनं नदीच्या उतारापतोर. आन् परत."

मी त्याच्या देहाकडं बघितलं. माझी कंबर तितंच दुखाय लागली. पण सगळे बघत हुते. मी म्हणलं, "मंजूर!"

घरी बायकूनं, रतनानं, लय शिव्या घातल्या. मग माझ्या उपरण्याच्या टोकाला एक पैसा गाठ मारून बांधला. "खर्चू नगा. पण असू द्या. घाट हाये तो."

दुसऱ्या दिशी मी एक कळशी घेऊन निघालो. महिपती म्हणतो, "कळशी कशाला? खोपोलीला पाणी न्हाई?"

"बघ गंमत," मी म्हणलं.

गावातल्या बहिरूच्या गवताच्या गाडीनं खिंडीच्या माथ्यापतोर नेलं. खालच्या ओढ्यात कळशी भरून मी माथ्यावर रस्त्याच्या कडंला बसलो. त्या टायमाला मोटारी कामशेतची खिंड चढल्या की हमखास तापायच्या. तोंडातनं वाफ सोडत माथ्यावर उभ्या राहायच्या. अन् पाणी खाली, एक फर्लांगावर. मी कळशी मांडीशी घेऊन नवऱ्या मुलासारखा बसलो.

तिसरी मोटार आली ती एका शेटजीची. लांबलचक, काळी, आन् शिट्टी फुंकणारी. शेटजी उतरले, म्हणले, "पाणी विकत देतोस?"

"विकत न्हाई शेटजी. लोणावळ्यापतोर नेता का, दोघांना?"

शेटजी हसले. मागचं दार उघडलं. आत वासराएवढं कुत्रं.

लोणावळ्यापतोर त्या कुत्र्यानं माझ्या मांडीवरची नजर काढली न्हाई. मी हललो की गुर्र. महिपती माझ्यामागं लपायला बघत हुता, पण त्याला लपवील एवढी पाठ देवानं मला दिली न्हाई. उतरताना माझी मांडी जागेवर हाये का न्हाई ते मी चाचपून बघितलं. महिपती म्हणला, "भ्यालास?"

"मी? छ्या."

मला काय ठावं, की ही निसती शिळी भाकर हुती. ताट पुढंच हुतं.

लोणावळ्याच्या नाक्यावर एक लॉरी उभी हुती. आंबेमोहोराची पोती, पार वरपतोर. डायवर नथू नावाचा, हाडकुळा, डोळे तांबारलेले. तो आपणहून म्हणला, "खोपोलीला जायाचंय? बसा. फकस्त एक काम करावं लागंल. माझा क्लीनर तापानं पडलाय. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली ह्यो ठोकळा टाकायचा."

त्यानं एक बाभळीचा तिकोनी ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला. चार शेर तरी वजन. मला वाटलं, पैज जिंकली. फुकट ते फुकट, आन् वर मान बी हाये. मी दारापाशी, महिपती मधी, नथू चाकावर.

खंडाळा मागं पडलं आन् डाव्या हाताची जमीन संपली. संपली म्हंजी, हुती आन् न्हवती. दारातनं खाली बघितलं तर झाडांचे शेंडे. त्याच्या खाली आणखी शेंडे. लय खाली खोपोलीची घरं, तांदळाच्या कण्या सांडाव्यात तशी. दाराला कडी न्हवती, दोरी हुती. ती मी मुठीत गच्च धरली.

मग नथूनं लॉरी थांबवली. "शिंगरोबा," तो म्हणला आन् हात जोडले.

घाटाच्या मधी शिंगरोबाचं ठाणं हाये. जुनी माणसं सांगतात, शिंगरोबा धनगर हुता. ह्या घाटाची वाट गोऱ्या सायबाला त्यानं दाखवली, आन् बक्षीस म्हणून सायबानं गोळी घातली. तवापासनं घाटातनं जाणारा माणूस त्याला नाणं टाकल्याबिगर जात न्हाई. गाडीवान असो न्हाईतर डायवर.

नथूनं उतरून नाणं टाकलं. महिपतीनं टाकलं. मग दोघं माझ्याकडं बघाय लागले.

"ज्याचं त्यानं टाकायचं असतं," नथू म्हणला. "ज्याच्या त्याच्या हातानं."

महिपतीच्या तोंडावर असा काय उजेड पडला म्हणून सांगू! त्याला हे ठावं हुतं. म्हणून तर त्यानं खोपोली म्हणलं, न्हाईतर लोणावळ्यावर भागलं असतं! "टाक दत्त्या," तो मधाचं बोट लावल्यासारखं म्हणला. "देवाला न्हाई म्हणू नगं."

मी उपरण्याच्या गाठीला हात लावला. टाकला असता तर पैज तितंच संपली हुती. आन् मग माझा हात वर सरकला. माझा कोट एका बंगल्यावरच्या पट्टेवाल्याचा जुना कोट हुता, पितळी बटणांचा. पाठमोरा झालो, खालचं बटण ओढलं, आन् ठाण्यापुढं टाकलं.

खण्ण! अगदी रुप्याच्या रुपयासारखं वाजलं.

महिपतीचं तोंड फुललं. "खर्चलास! हरलास!"

"खोपोलीला गेल्यावर बोलू," मी म्हणलं. मनात उकळ्या फुटत हुत्या. खाली जाऊन कोट दाखवायचा, तुटका दोरा दाखवायचा, आन् ह्याचं तोंड बघायचं. आमी परत चढून बसलो.

नथू चाकावर बसला. पण लॉरी सुरू केली न्हाई. माझ्याकडं वळून त्यानं इचारलं, "तिघांचं बी पडलं ना?"

"पडलं की. ऐकू न्हाई आलं?"

"न्हाई, म्हणून इचारतो. मालक पेट्रोल मोजून देतो. घाट उतरताना इंजन बंद ठेवलं की उरतं, ते आपलं. पण शिंगरोबाला नाणं पडल्याबिगर मी असलं धाडस करत न्हाई. एकाचं बी राहिलं की गाडी सुटते. मागल्या साली एकाची सुटली. आजून खाली दिसती." त्यानं हनुवटीनं दरीकडं दाखवलं. "पडलं ना नक्की?"

तवा बोलायचं हुतं. एक शब्द. पण महिपती माझ्याकडं बघत हुता, आन् माझ्या डोळ्यापुढं कामशेतचा बाजार उभा राहिला.

"पडलं," मी म्हणलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

नथूनं ब्रेक सोडला. लॉरी आवाजाबिगर निघाली.

इंजनाचा आवाज असतो तवा माणसाला वाटतं, कोनतरी काम करतंय. ह्या लॉरीला आवाजच न्हवता. नुसता वारा, आन् मागं पोत्यांची करकर. मढं उतारावरनं घेऊन चालल्यासारखं. पहिलं वळण गेलं. नथू गाणं गुणगुणत हुता. दुसरं वळण गेलं. मी दरीत बघायचं न्हाई म्हणून ठोकळ्याकडं बघत बसलो, आन् ठोकळ्यावरनं माझ्या हाताचा घाम वघळत हुता.

तिसऱ्या वळणाच्या आधी वास आला. चुलीत कातडं पडल्यासारखा.

"काय जळतंय?" महिपती म्हणला.

नथूचं गाणं थांबलं. त्यानं पाय दाबला. परत दाबला. पाय पार खाली जाऊन फळीवर आपटला, थाप्, आन् लॉरी तशीच. उलट जोरात.

"धरून बसा," नथू म्हणला. हळू म्हणला. तो वरडला असता तर मी एवढा भ्यालो नसतो.

वळण आलं. लॉरी अशी कलली, की मी महिपतीला दोन दिस हसत हुतो ते सगळं घशात आलं. माझं दार उघडलं. दोरी हातात, दार बाहेर, आन् मी निम्मा बाहेर. खाली शेंडे. महिपतीनं माझं उपरणं धरलं, म्हणून आज हे सांगतोय. एक कोळशाची बैलगाडी वर चढत हुती. नथूनं भोंगा दाबला. गाडीवानानं बैल डोंगराला दाबले. आमी त्याच्या चाकाला घासून गेलो. बैलाचा डोळा मी एवढ्या जवळनं बघितला, की त्यात मला माझा फेटा दिसला.

"इंजन चालू कर! इंजन!" महिपती.

नथू दांडा ओढत हुता. गिअर पडंना. लोखंडावर लोखंड, दात खाल्ल्यासारखं. "कसं हुईल?" तो वरडला. "तिघांची नाणी पडल्यावर कसं हुईल असं?"

मग माझ्यानं ऱ्हावलं न्हाई.

"मी बटण टाकलं!"

"काय?"

"बटण! कोटाचं बटण टाकलं!"

महिपती माझ्याकडं बघतच राहिला. लॉरी पळतीय, दरी पळतीय, आन् ह्यो म्हणतो, "बटण? देवाला?" मग त्यानं दोन्ही हात वर केले आन् गळा काढला, "शिंगरोबा! म्या पैसा टाकलाय! माझं नाव महिपती! ह्याचं दत्त्या! ह्यानं बटण टाकलं, म्या न्हाई!"

"ठोकळा!" नथू वरडला. "ठोकळा टाक!"

"गाडी पळतीया!"

"मागच्या चाकाखाली टाक, न्हाईतर पुढचं वळण न्हाई बसत!"

मी पायदानावर उतरलो. कसा उतरलो, ते मला ठावं न्हाई. पाय माझे न्हवतेच, कुणाचेतरी उसने आणलेले. एका हातात दोरी, काखेत ठोकळा. मागचं चाक गरगरतंय, आन् त्याच्या पल्याड हातभर रस्ता, मग काही न्हाई. मला रतना दिसली. गाठ मारताना दिसली. "घाट हाये तो." मी डोळे मिटले आन् ठोकळा टाकला.

चाकानं त्याला पोरांच्या विटीसारखा उडवला. ठोकळा वर गेला, दरीवर गेला, आन् गेला. पडल्याचा आवाज काय आला न्हाई. मी आवाजाची वाट बघत पायदानावर तसाच, तोंड उघडं टाकून.

"आत ये!" महिपतीनं उपरण्याला हिसका दिला. मी त्याच्या मांडीवर पडलो.

पुढं डोंगराच्या अंगाला रस्तावाल्यांनी खडी टाकून ठेवली हुती. चांगला पुरुषभर ढीग. नथूनं चाक पिळलं आन् लॉरी त्या ढिगात घातली. अशी घातली, की खडीचा पाऊस पडला. काच फुटली. मागचं एक पोतं उसवलं आन् आमच्या टपावरनं आंबेमोहोर पुढं सांडला, लग्नात अक्षता पडाव्यात तसा, तिघांच्या पुढ्यात. मग सगळं गप.

मी महिपतीच्या मांडीवर हुतो आन् त्यानं मला तान्ह्यासारखं धरलं हुतं. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत हुतं. मग त्याच्या लक्षात आलं आन् त्यानं मला खाली ढकललं.

"दत्त्या."

"काय?"

"म्हंजी तू पैसा खर्चला न्हाईस."

"न्हाई."

"म्हंजी आजून तू हरला न्हाईस."

मी इचार केला. खरंच की! पैसा गाठीला हुता. खोपोली तर खाली हाका मारल्या तर ऐकू येईल एवढी जवळ. पैजेत देवाचं नाव कुटंच न्हवतं. नथू खाली उतरून चाकं बघत हुता. ब्रेकवर पाणी मारलं, निवू दिला, म्हणला, "आता इंजन चालू ठेवून जाऊ. दोनच वळणं राहिली. बसा."

महिपती चढला. मी दाराशी गेलो. पायदानावर पाय ठेवला.

पाय उचलंना.

मी हातानं मांडी उचलून बघितली. मांडी वर आली, पण माझा जीव खालीच राहिला. नथू म्हणला, "चढा की, भाऊ." मी खाली त्या दोन वळणांकडं बघितलं, मग वर बघितलं, ज्या वाटेनं आलो हुतो तिकडं. त्या माणसानं मला इचारलं हुतं. एकदा न्हवं, दोनदा. त्यानं माझ्या शब्दावर इंजन बंद ठेवलं.

"नथू," मी म्हणलं, "तुझी काच फुटली, ती माझ्यामुळं."

"ब्रेक म्हातारा झालाय, भाऊ," तो म्हणला. पण माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई त्यानं.

मी वळलो आन् घाट चढाय लागलो. पायी.

मागनं महिपती वरडला, "कुटं निघालास? चालत गेलास तर हरशील!"

"हरलो."

"खरं?"

"खरं."

मग मला मागं धपधप ऐकू आलं. महिपती बी उतरून येत हुता. म्हणला, "साक्षीला येतो." साक्षीला कसला, त्याला बी त्या लॉरीत बसायचं न्हवतं. धापा टाकत, घाम गाळत, वर दर दहा पावलांवर, "हरलास बरं का, दत्त्या. हरलास." आन् एखादी मोटार खालनं वर आली की आमी दोघं बी डोंगराला चिकटून उभे राहायचो, पाली चिकटतात तसे.

शिंगरोबापुढं मी गाठ सोडाय बसलो. रतनाची गाठ सुटंना. शेवटी दातानं सोडली. पैसा ठेवला. बटण तितंच हुतं, पैशांच्या मधी, उन्हात सगळ्यांपेक्षा जास्त चमकत. रतना इचारंल कोटाचं बटण कुटं गेलं, म्हणून मी उचलाय हात नेला. मग परत घेतला. असू द्या म्हणलं. आजून त्या कोटाला तितं दोराच लोंबतोय.

बाजाराच्या दिशी कामशेतला अर्धं मावळ लोटलं. सोपानआबा सगळ्यांच्या पुढं बसले हुते. रतना बांगड्यावाल्याच्या पालाआड तोंडाला पदर लावून, हसती का रडती ते कळंना. महिपती नवं धोतर नेसून आलता. मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर चढून तो माझ्या खांद्यावर बसला, तवा माझ्या मणक्यातनं कडकड असा आवाज आला. बायकांनी तो ऐकला.

"चल रं घोड्या!" महिपती वरनं.

मी चाललो. एक पाऊल, दुसरं पाऊल. डोळ्यापुढं काजवे. मिरच्या, मडकी, सुकट, सगळं एकात एक. पोरं मागं, म्हाताऱ्या पुढं. महिपती वरनं दोन्ही हातांनी लोकांना रामराम करतोय. "ह्यानं देवाला बटण टाकलं! बघा, ह्योच तो!"

असं करत आमी नदीच्या उतारावर आलो. उतार बरा तिरका हाये तितला. खाली नदी, आन् काठाला गवताच्या पेंढ्यांची रास.

मी थांबलो. खोल श्वास घेतला. आन् म्हणलं, "महिपती, एक गोष्ट इचारू?"

"इचार."

"मारुतीला नाणं टाकलंस का चढताना?"

"न्हाई. का?"

"इंजन बंद करतोय," मी म्हणलं, आन् पाय सोडले.

"दत्त्या! दत्त्याऽ!"

"ब्रेक लागंना! बाजूला व्हा! ब्रेक लागंना!"

खोटं सांगत न्हाई, चार पावलांनंतर तो खरंच लागंना. पोत्यापेक्षा चार पायल्या जास्त वजन पाठीवर, आन् खाली उतार. माझे पाय माझ्या पुढं पळत हुते. मडकीवाली मडकी घेऊन पळाली. महिपतीनं माझा फेटा दोन्ही हातांनी धरला हुता आन् गळा काढला हुता, "टाकतो! नाणं टाकतो! मारुतीराया, आधी टाकायला इसरलो, आता टाकतो!" मी डोळे मिटले आन् पेंढ्यांच्या राशीत शिरलो. दोघं बी आत गेलो. चौघांनी पाय ओढून काढलं.

महिपतीच्या मिशीत गवत, नाकात गवत. सगळा बाजार पोट धरून खाली बसला हुता. सोपानआबांच्या डोळ्यात परत पाणी, ह्या येळी मातीबिगर.

मी गवत झटकलं, गुडघ्यावर हात टेकले आन् पाठ वाकवली.

"चढ, महिपती. परतीचं राहिलंय."

त्यानं माझ्या पाठीकडं बघितलं. मग त्या चढाकडं. मग धोतराचा सोगा वर खोवला.

"न्हाई बाबा," तो म्हणला. "मी पायी येतो."